फायली वाटताना घरचे इंटरनेट का अडखळते?



“इंटरनेट परत गेलं!” हे वाक्य हल्ली घराघरांत ऐकू येते. दादाने संगणकावर एखादी मोठी फाइल उतरवायला किंवा वाटायला लावलेली असते. त्याच वेळी ताईचा ऑनलाइन वर्ग चालू असतो आणि बाबा बँकेचा व्यवहार करत असतात. ताईला सरांचा आवाज तुटक ऐकू येतो, बाबांचे पान अर्ध्यावर थांबते, आणि थोड्या वेळाने सगळेच बंद पडल्यासारखे होते. मग कोणी राऊटर बंद करून पुन्हा सुरू करतो. पाच-दहा मिनिटे बरे चालते आणि पुन्हा तेच.

अशा वेळी घरात साधारण तीन निकाल लागतात. “लाइनच खराब आहे,” “कंपनी फसवते,” किंवा “त्या पोराने संगणकाचं काहीतरी बिघडवलंय.” त्यापुढे जाऊन दरमहा जास्त पैशांची योजना घेतली जाते. पुष्कळदा त्यानेही दोष जात नाही, कारण दोष कुठे आहे हे कोणी पाहिलेलेच नसते.

विज्ञानाच्या तासाला आपण शिकतो की एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय होते ते लिहून ठेवावे. हाच नियम घरच्या इंटरनेटला लावला, तर बहुतेक वेळा तासाभरात कारण सापडते आणि उपाय फुकट असतो. आजच्या पाठात तो कसा लावायचा ते पाहू.

फाइल-वाटप म्हणजे काय?

समजा, स्नेहसंमेलनातल्या नाटकाचे चित्रण ४ गिगाबाइटचे आहे आणि ते २० कुटुंबांना पाठवायचे आहे. तुमच्या घरून बाहेर पाठवण्याचा, म्हणजे अपलोडचा, वेग सेकंदाला ५ मेगाबिट आहे.

१ बाइट म्हणजे ८ बिट. म्हणून ४ गिगाबाइट म्हणजे ३२,००० मेगाबिट. त्याला ५ ने भागले की ६,४०० सेकंद येतात, म्हणजे सुमारे पावणेदोन तास. हे झाले एका कुटुंबाचे. वीस जणांना एकामागून एक पाठवायचे तर साडेपस्तीस तास लागतील.

यावर एक युक्ती निघाली. ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रॅमरने २००१ मध्ये ‘बिटटोरंट’ ही पद्धत लोकांपुढे आणली. तिच्यात फाइलचे लहान लहान तुकडे करतात. तुम्ही एक तुकडा एका घरी पाठवता, दुसरा दुसऱ्या घरी, आणि मग ती घरे आपापसांत तुकड्यांची देवाणघेवाण करतात. ज्यांना मिळाले ते पुढे देतात. त्यामुळे मूळ घरावर वीसपट ओझे पडत नाही. सगळ्यांनी आपापला प्रोग्रॅम चालू ठेवला, तर मूळ घरून ती फाइल एकदा किंवा थोडी जास्त बाहेर गेली तरी पुरते. क्यूबिटटोरंट, ट्रान्समिशन हे अशा पद्धतीचे मोफत प्रोग्रॅम आहेत.

या पद्धतीत फाइल उतरवणारा माणूस त्याच वेळी ती इतरांना वाटतही असतो, हे नीट ध्यानात घ्या. इंटरनेट अडखळण्याचे मूळ पुष्कळदा इथेच असते.

जाण्याची वाट भरली की येण्याचीही अडते

इंटरनेटच्या जोडणीला दोन दिशा असतात, येण्याची (डाऊनलोड) आणि जाण्याची (अपलोड). भारतात २००५ पासून टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड घरोघरी पसरू लागले. त्या एडीएसएल पद्धतीत येण्याची वाट रुंद आणि जाण्याची फार अरुंद असे. तिच्या सुधारित प्रकारात, एडीएसएल २ प्लसमध्ये, उतरवण्याचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला २४ मेगाबिट, पण पाठवण्याचा साधारण १ मेगाबिट. आज फायबरच्या पुष्कळ योजनांत दोन्ही वेग सारखे असतात. केबल आणि मोबाइल जोडणीत मात्र जाण्याची वाट अजूनही अरुंदच असते.

कोणी म्हणेल, “मी तर फक्त उतरवतोय. जाण्याची वाट भरली तर माझे काय बिघडले?” बिघडते ते असे. जुन्या मनीऑर्डरची पोचपावती आठवा. पैसे मिळाल्याची सही परत गेली की पाठवणाऱ्याला खात्री होई. इंटरनेटवर माहिती पाकिटांच्या रूपाने येते आणि बहुतेक कामांत पाकिटे मिळाल्याची पोच उलट दिशेने पाठवावी लागते. पोच वेळेवर गेली नाही, तर समोरचा संगणक समजतो की वाटेत अडचण आहे, आणि तो पाठवण्याचा वेग कमी करतो. म्हणजे जाण्याची वाट भरली की पोच अडकते आणि येणारी माहितीही रोडावते.

दुसरी गोष्ट रांगेची. आपल्या इंदूरच्या सराफ्यात रात्री किती गर्दी होते ते सर्वांना ठाऊक आहे. त्या गर्दीत एखाद्याला फक्त निरोप देऊन परत यायचे असले, तरी त्यालाही सगळ्यांच्या मागूनच सरकावे लागते. राऊटर किंवा मोडेममध्येही बाहेर जाणाऱ्या पाकिटांची अशीच रांग लागते. समजा, त्या रांगेत २५० किलोबाइट माहिती मावते आणि जाण्याचा वेग सेकंदाला १ मेगाबिट आहे. २५० किलोबाइट म्हणजे २,००० किलोबिट. ती रांग संपायला २ सेकंद लागतील. म्हणजे ताईने उत्तर दिले की तिचे पाकीट दोन सेकंद रांगेतच उभे! संभाषणाला ०.२ सेकंदाचा उशीरही जाणवू लागतो. दोन सेकंदांत वर्ग तुटल्यासारखाच वाटणार.

हा दोष मोठमोठ्या तज्ज्ञांच्या घरीही घडला आहे. जिम गेटिस हे इंटरनेटच्या मूलभूत कामात वाटा असलेले अमेरिकन अभियंते. २०१० मध्ये ते घरून एक मोठा जुना संग्रह दूरच्या संगणकावर पाठवत होते. त्या काळात घरचे इंटरनेट वारंवार मंद होई आणि मुले तक्रार करत. त्यांनी मोजमाप घेतले, तेव्हा उशीर एक सेकंदाच्याही वर गेलेला दिसला. तार तुटलेली नव्हती. उपकरणांत गरजेपेक्षा मोठी रांग साठवण्याची सोय होती आणि ती पूर्ण भरत होती. या दोषाला ‘बफरब्लोट’ असे नाव पडले. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग आटोक्यात ठेवणारी ‘कोडेल’ नावाची रीत मांडली. आजच्या काही राऊटरांत तिच्यावर आधारलेली सोय मिळते.

फाइल-वाटपाचे प्रोग्रॅमही सुधारले. उशीर वाढताना दिसला की आपण होऊन मागे सरायचे, अशी एक पद्धत त्यांनी स्वीकारली. २०१२ मध्ये ती ‘लेडबॅट’ या नावाने प्रमाण म्हणून नोंदली गेली. तिच्यात जास्तीत जास्त १०० मिलिसेकंदांचा जादा उशीर धरलेला आहे. पण प्रोग्रॅमची प्रत्येक जोडणी या पद्धतीने चालतेच असे नाही, म्हणून आपण स्वतः मर्यादा घालणे शहाणपणाचे.

जोडण्यांची वही भरते

घरात पाच-सहा उपकरणे असली तरी बाहेरच्या जगाला बहुधा एकच पत्ता दिसतो. कोणाचे उत्तर कोणाकडे द्यायचे हे राऊटर एका तक्त्यात लिहून ठेवतो. साधे संकेतस्थळ पाहताना काही मोजक्या नोंदी होतात. फाइल-वाटपाचा प्रोग्रॅम मात्र एकाच वेळी शेकडो संगणकांशी बोलू पाहतो, आणि नवे जोडीदार शोधण्यासाठी सतत आणखी विचारणा करत राहतो.

स्वस्त किंवा जुन्या राऊटरची ही वही लहान असते. ती भरली की नव्या नोंदीला जागा उरत नाही. त्याची खूण मजेदार आहे. आधीपासून चालू असलेले गाणे वाजत राहते, पण नवे पान काही केल्या उघडत नाही. राऊटर बंद करून सुरू केला की वही कोरी होते आणि सगळे ठीक चालते. प्रोग्रॅम चालूच असल्यामुळे वही पुन्हा भरते. “रिस्टार्ट केलं की चालतं” याचा अर्थ दुरुस्ती झाली असा नसतो.

वाटेचे तीन टप्पे

आता तपासाकडे वळू. तुमच्या संगणकापासून बाहेरच्या जगापर्यंत तीन टप्पे धरा:

१. संगणक ते राऊटर (बहुधा वायफाय)
२. राऊटर आणि त्याचा विजेचा जोड
३. राऊटर ते कंपनी आणि त्यापुढचे जग

कोणता टप्पा तुटतो हे ‘पिंग’ या साध्या आज्ञेने कळते. पिंग म्हणजे हाक मारणे आणि ओ येईपर्यंतचा वेळ मोजणे. विंडोज संगणकावर ‘कमांड प्रॉम्प्ट’ ही काळी खिडकी उघडा. इंग्रजी अक्षरांत ‘आयपीकॉन्फिग’ लिहून एंटर दाबा. ‘डिफॉल्ट गेटवे’ या शब्दांसमोर राऊटरचा पत्ता दिसेल. बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ असा असतो.

आता ‘पिंग’, मग तो पत्ता, आणि शेवटी आडवी रेघ व ‘टी’ हे अक्षर असे इंग्रजीत लिहा. हाका चालू राहतील. दुसरी खिडकी उघडून तिथे गूगलचा सार्वजनिक पत्ता ८.८.८.८ याला तशाच हाका मारा. थांबवण्यासाठी ‘कंट्रोल’ आणि ‘सी’ एकत्र दाबतात.

पहिल्या खिडकीत मिलिसेकंदांचे आकडे लहान असावेत, तार लावली असेल तर १-२ च्या आत. दुसऱ्या खिडकीतला आकडा साहजिकच मोठा असेल. तो किती आहे यापेक्षा तो स्थिर आहे का, हे महत्त्वाचे. शंभर हाकांत एखादी चुकली तर घाबरू नका. लागोपाठ चुकल्या किंवा आकडा एकदम दहापट झाला, तर ती नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

पाच प्रयोग

प्रत्येक प्रयोग दहा मिनिटे करा. वहीत वेळ, काय बदलले, पहिल्या खिडकीतला आकडा, दुसऱ्या खिडकीतला आकडा आणि शेरा असे पाच रकाने आखा. एका वेळी दोन गोष्टी बदलू नका, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही.

प्रयोग पहिला : प्रोग्रॅम पूर्ण बंद. फाइल-वाटपाची खिडकी बंद केली म्हणजे प्रोग्रॅम बंद झाला असे नाही. तो पुष्कळदा घड्याळाजवळच्या लहान चित्रांत लपून काम करत राहतो. तिथून त्याला बाहेर काढा. घरातल्या मोबाइलवर फोटोंची आपोआप साठवण चालू असेल तर तीही थांबवा, कारण तेही अपलोडच आहे. एवढे करूनही हाका तुटत असतील, तर फाइल-वाटप निर्दोष आहे. दोष वायफायमध्ये, विजेत किंवा लाइनमध्ये शोधायचा.

प्रयोग दुसरा : वायफायऐवजी तार. संगणक राऊटरला तारेने जोडा आणि पुन्हा हाका मारा. पहिली खिडकी वायफायवर तुटत होती आणि तारेवर सुधारली, तर दोष पहिल्या टप्प्यात आहे. जाड भिंती, लोखंडी कपाट, शेजाऱ्यांची वायफाये ही नेहमीची कारणे. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात काम करतो, त्यामुळे तो चालू असताना त्रास होऊ शकतो. राऊटर उघड्यावर आणि थोडा उंच ठेवा. जवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरा. २.४ वरच राहायचे असेल तर १, ६ आणि ११ या एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्यांपैकी कमी गर्दीची निवडा.

प्रयोग तिसरा : अपलोडला मर्यादा. आधी, प्रोग्रॅम बंद असताना, वेग मोजणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर अपलोडचा वेग पाहा. मग फाइल-वाटपाच्या सेटिंगमध्ये जाऊन अपलोडची मर्यादा त्याच्या सुमारे ८० टक्के ठेवा.

इथे एककांची गल्लत सांभाळा. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, तर प्रोग्रॅममध्ये तो बहुधा किलोबाइटमध्ये लिहायचा असतो. अपलोड १० मेगाबिट असेल, तर १०,००० किलोबिट भागिले ८ म्हणजे १,२५० किलोबाइट. त्याचे ८० टक्के म्हणजे १,०००. तो आकडा भरा. बहुतेक प्रोग्रॅमांत शून्य लिहिले की ‘अपलोड नाही’ असा अर्थ होत नाही, ‘कितीही चालेल’ असा होतो, हेही विसरू नका.

आता प्रोग्रॅम सुरू करून दुसरी खिडकी पाहा. आकडा स्थिर राहिला, तर चोर सापडला. तो अजून उड्या मारत असेल तर मर्यादा ६० टक्क्यांवर आणून पाहा. डाऊनलोडलाही अशीच मर्यादा घालता येते. घरात एकाहून अधिक जण काम करत असतील तेव्हा ती जरूर घालावी.

प्रयोग चौथा : जोडण्या कमी. मर्यादा घालूनही नवी पाने उघडत नसतील, तर वही भरत असावी. सेटिंगमध्ये एकूण जोडण्यांची संख्या असते. ती पाचशे किंवा त्याहून जास्त असेल तर १०० वर आणा, आणि प्रत्येक फाइलमागे ३०-४० ठेवा. एका वेळी चालणाऱ्या फायलीही दोन-तीनच ठेवा. उतरवण्याचा वेग यामुळे फारसा घटत नाही, कारण शंभर चांगले जोडीदार सामान्य घरगुती जोडणी भरायला पुरेसे असतात.

प्रयोग पाचवा : राऊटरची तपासणी. इतके करूनही अडचण उरली, तर राऊटरला हात लावून पाहा. तो फार तापतो का? टीव्हीच्या मागे, कापडाखाली कोंडला आहे का? त्याचा विजेचा जोड ढिला आहे का? दिवे क्षणभर मिचकावले की तोही पुन्हा सुरू होत असेल, तर लहान यूपीएस लावल्याने प्रश्न मिटतो. राऊटरच्या पानावर नवे फर्मवेअर उपलब्ध असेल तर ते घ्या. ‘क्यूओएस’ किंवा ‘स्मार्ट क्यू’ अशी सोय असेल, तर ती चालू करून पुन्हा दहा मिनिटे मोजा.

लक्षणांवरून निदान

• दोन्ही खिडक्यांत हाका तुटतात : वायफाय, तार किंवा राऊटर.
• पहिली ठीक, दुसरी फक्त फाइल-वाटप चालू असताना बिघडते : अपलोड भरले आहे. मर्यादा घाला.
• दोन्ही खिडक्या ठीक, तरी नवी पाने उघडत नाहीत : जोडण्यांची वही भरली आहे, किंवा नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा अडली आहे. प्रोग्रॅम बंद केल्यावर पाने लगेच उघडू लागली तर बहुधा वहीच.
• पहिली ठीक, दुसरी प्रोग्रॅम बंद असतानाही तुटते : कंपनीची लाइन. फायबरच्या डबीवर ‘एलओएस’ हा दिवा लाल असेल, तर प्रकाशाचा संकेतच येत नाही असे समजा.
• संगणकच अडकतो, मोबाइलवर मात्र इंटरनेट ठीक : संगणकाची डिस्क किंवा व्हायरस तपासणारा प्रोग्रॅम दमला आहे. लाइनचा दोष नाही.

‘मंद’ आणि ‘अस्थिर’ एक नव्हे

फाइल हळू येते म्हणजे जोडणी बिघडली असे नाही. ती फाइल देणारेच कमी असतील, तर तुमची वाट कितीही रुंद असो, फाइल हळूच येणार.

आणखी एक कारण आहे. पत्त्यांची टंचाई असल्यामुळे अनेक कंपन्या पुष्कळ ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. अशा जोडणीत बाहेरचे जोडीदार आपण होऊन तुमच्या संगणकाशी संपर्क साधू शकत नाहीत. राऊटरच्या पानावर बाहेरचा, म्हणजे ‘वॅन’, पत्ता पाहा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुम्ही या सामाईक व्यवस्थेत आहात. २०१२ मध्ये हा पट्टा याच कामासाठी राखून ठेवला गेला. यात वाटप मंदावते, पण ताईचा वर्ग तुटण्याचे ते कारण नव्हे. मंदपणावरचा उपाय अस्थिरतेवर लावू नये.

वेगासाठी संगणकाची सुरक्षाभिंत, म्हणजे ‘फायरवॉल’, बंद करा असा सल्ला कोणी देईल. तो मानू नका. एका प्रोग्रॅमसाठी एक मार्ग उघडणे वेगळे आणि घराचे दार सताड उघडे टाकणे वेगळे. राऊटरचा मूळ पासवर्डही बदललेला असू द्या.

पालकांसाठी

मूल फाइल-वाटपाचा प्रोग्रॅम वापरते म्हणजे ते वाईटच करते असे नाही. डेबियन, उबंटू या मोफत संगणक-प्रणाली याच मार्गाने अधिकृतपणे मिळतात. इंटरनेट अर्काइव्ह या ग्रंथालयानेही २०१२ पासून आपला संग्रह टोरंटने देण्याची सोय केली आहे.

पण नवा चित्रपट किंवा विकतचा प्रोग्रॅम असा उतरवणे हा वेगळा विषय आहे. वर सांगितल्याप्रमाणे इथे घेणारा आपोआप वाटणाराही होतो. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या ६३ व्या कलमात जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. “मी फक्त पाहिला” हे म्हणणे या पद्धतीत खरे ठरत नाही. मुलांना हे रागावून सांगण्यापेक्षा पडद्यावरचा अपलोडचा आकडा दाखवून सांगावे. तो पाहिला की त्यांना लगेच कळते.

घरात एक वेळापत्रकही ठरवा. बहुतेक प्रोग्रॅमांत घड्याळ लावण्याची सोय असते. वर्ग, परीक्षा आणि अर्ज भरण्याच्या वेळेत वाटप थांबवावे, रात्री अकरानंतर मोकळे सोडावे. शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या तासाला भरत असताना लाइन अडली, तर नुकसान एका मुलाचे होते आणि ते भरून येत नाही. अशा दिवशी प्रोग्रॅम मुळीच चालू नसावा. योजनेत महिन्याची मर्यादा असेल तर अपलोडही बहुधा तीत धरले जाते आणि मर्यादा संपली की वेग उतरतो, हेही पाहून ठेवा.

लाइनच दोषी ठरली, तर तक्रार करताना वहीतल्या नोंदी हाताशी ठेवा. “इंटरनेट चालत नाही” यापेक्षा “प्रोग्रॅम बंद, संगणक तारेने जोडलेला, राऊटरच्या हाका ठीक, बाहेरच्या रात्री ८ ते ८.१० मध्ये ४० वेळा चुकल्या” असे सांगितले, तर समोरचा माणूस राऊटर बंद-चालू करायला सांगून फोन ठेवू शकत नाही. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. समाधान झाले नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते.

विश्वस्तांसाठी दोन शब्द

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्या मराठी शाळांकडे जुने वार्षिक अंक, छायाचित्रे आणि नाटकांची चित्रणे असतात. माजी विद्यार्थी पुण्यापासून परदेशापर्यंत पसरलेले असतात. हा ठेवा सर्वांपर्यंत पोहोचवायला फाइल-वाटप स्वस्त आणि सोयीचे आहे. मात्र तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, नाटककाराची किंवा त्याच्या वारसांची परवानगी पाहावी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात. दुसरी, ज्यात लहान मुलांचे चेहरे आहेत अशी चित्रणे खुल्या टोरंटने वाटू नयेत. एकदा बाहेर गेलेली प्रत परत बोलावता येत नाही. तिसरी, शाळेच्या संगणक कक्षातून वाटप करायचे तर ते शाळा सुटल्यावर आणि अपलोडला मर्यादा घालूनच करावे, म्हणजे दिवसा कार्यालयाचे आणि वर्गांचे काम अडणार नाही.

थोडक्यात काय, तर वाट सर्वांची आहे. आपले ओझे किती आणि ते केव्हा न्यायचे हे ठरवले, तर इतरांनाही चालता येते. नवी योजना घेण्याआधी एक वही, दोन काळ्या खिडक्या आणि अपलोडच्या रकान्यातला एक आकडा एवढे करून पाहा.

स्वाध्याय

१. अपलोडचा वेग सेकंदाला २० मेगाबिट आहे. ८० टक्के मर्यादा किलोबाइटमध्ये किती होईल?
२. राऊटरच्या रांगेत ५०० किलोबाइट मावतात आणि अपलोडचा वेग २ मेगाबिट आहे. भरलेली रांग संपायला किती वेळ लागेल?
३. एका घरात राऊटरच्या हाका वायफायवर तुटतात, तारेवर ठीक आहेत, आणि फाइल-वाटप बंद असतानाही तसेच होते. दोष कोणत्या टप्प्यात?
४. राऊटर पुन्हा सुरू केला की वीस मिनिटे सगळे ठीक चालते, मग नवी पाने उघडत नाहीत, पण चालू गाणे थांबत नाही. आधी कोणता प्रयोग कराल?
५. उपक्रम : आपल्या घरी पहिला आणि तिसरा प्रयोग करून पाच रकान्यांचा तक्ता भरा. घरात फाइल-वाटप नसेल तर एखादे मोठे चित्रण साठवणीला पाठवत असताना हाका मोजा. तक्ता संगणक शिक्षकांना दाखवा.

उत्तरे : (१) २,००० किलोबाइट. (२) २ सेकंद. (३) पहिल्या टप्प्यात, म्हणजे वायफायमध्ये. (४) चौथा, जोडण्या कमी करण्याचा.